हक्कसोडपत्र आणि पापनिवेदन

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील चाळीसेक तरुण-तरुणींना घेऊन मी रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुक या गावी गेलो. आचार्य विनोबा भावे यांचे हे जन्मगाव. परत आल्यावर आठवडाभरात माझ्या टेबलावर तीन पत्रे येऊन पडली. त्यांपैकी एक निनावी होते. ते मी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे केराच्या टोपलीत टाकले. पण त्यातला प्रश्न टोपलीत टाकता आला नाही, कारण उरलेल्या दोन सभ्य पत्रांतही तोच प्रश्न सभ्य भाषेत विचारलेला होता. ख्रिस्तसभेजवळ सत्याची पूर्णता असताना, आणि तीही प्रायश्चित्तकाळात, आपल्या मुलांना एका हिंदू साधुपुरुषाच्या दारी नेण्याचे प्रयोजन काय? एका पत्रलेखकाने पुढे असेही म्हटले होते की, फादर हल्ली प्रत्येक प्रवचनात पश्चात्तापाचाच घोष करतात; स्नानसंस्कार झाला, दृढीकरण झाले, वर्षातून एकदा पापनिवेदन होते, मग रोज उठून छाती बडवण्याची गरज काय? आपण सत्यात आहोत. सत्यात आनंदाने राहावे.

या पत्रांना खाजगी उत्तर देऊन मोकळे होता आले असते. परंतु प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाही. आपल्या घराघरांतून ही समजूत इतकी मुरलेली आहे की तिचा प्रतिवाद चारचौघांत होणेच योग्य.

प्रथम गागोद्याविषयी. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म येथे झाला आणि बालपणाची पहिली नऊ-दहा वर्षे येथेच गेली. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास; घरात आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई. विनोबांनी आपल्या आठवणींत आजोबांच्या चांद्रायण व्रताचे वर्णन केले आहे. प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असे करीत पौर्णिमेला पंधरा, आणि मग कृष्णपक्षात एकेक घास कमी करीत अमावास्येला निराहार. चंद्र उगवेल तेव्हा आजोबा झोपलेल्या नातवाला उठवीत, पूजा-आरती होई आणि प्रसाद हाती पडे. स्मृतिग्रंथांत चांद्रायणाची गणना प्रायश्चित्तांत केलेली आहे. शंभुराव कोणत्या पातकाचे क्षालन करीत होते? माझा समज असा की कोणत्याही विशिष्ट पातकाचे नव्हे. चंद्राबरोबर स्वतःला वाढवीत आणि कमी करीत राहणे, हा त्यांच्या जगण्याचाच क्रम होता.

आमच्या मुलांना मी हे त्या गावातच सांगितले. मग विचारले, तुमच्यापैकी किती जणांनी राखेच्या बुधवारी उपवास पाळला? हात वर आले ते मोजायला एका हाताची बोटे पुरली. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये उपवासाचे बंधनकारक दिवस राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनांवर आणले. हेतू असा की बंधन कमी व्हावे आणि स्वेच्छेचे प्रायश्चित्त वाढावे. आपण बंधनही सोडले आणि स्वेच्छाही. तेव्हा या मुलांना मी चांद्रायण पाहायला नेले, ते त्यांनी हिंदू व्हावे म्हणून नव्हे, तर त्यांना थोडी लाज वाटावी म्हणून. मलाही वाटली.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात स्पष्ट सांगितले आहे की, अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही. हे वचन आपल्या पत्रलेखकांना ठाऊक असावे; निदान त्यांच्यापैकी एकाला तरी, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात ते मीच शिकवले होते. विनोबांनी नव्या करारातील वेचे एकत्र करून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. आपल्यापैकी किती जणांच्या घरी शुभवर्तमानाची प्रत धूळ न झटकता हाती घेता येते?

विनोबांना मी वेदीवर बसवीत नाही. आणीबाणीच्या काळात ‘अनुशासनपर्व’ हा शब्द त्यांच्या नावे सरकारने देशभर मिरवला आणि त्याचे दुःख त्यांच्या निकटच्या माणसांनाही झाले. त्यांचे मोठे कार्य जे भूदान, तेही अपुरे राहिले. परंतु मला नेमके त्या अपुरेपणाविषयीच बोलायचे आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी हरिजनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तेथून यात्रा सुरू झाली. मला तुमचा आणखी एक मुलगा समजा आणि माझा सहावा हिस्सा द्या, हे विनोबांचे मागणे. लक्ष्य होते १९५७ पर्यंत पाच कोटी एकर. प्रत्यक्षात चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे झाली. हा आकडाही जगाच्या इतिहासात असामान्य. पण त्या जमिनीचा मोठा भाग भूमिहीनाच्या हाती कधीच पोहोचला नाही. काही खडकाळ निघाली, काही तंट्यातली, काही दात्यांच्या वारसांनी नाकारली, काहींचे कागद दप्तरांत पडून राहिले. सभेत डोळे पाणावले होते, हात उंचावले होते, सही झाली होती. त्या क्षणी दाता खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. बहुधा तो खरेच हेलावला होता. परंतु सही केलेल्या रात्रीनंतर जी सकाळ उजाडते, त्या सकाळी तलाठ्याकडे जावे लागते, बांध मोजून द्यावा लागतो, मुलांची समजूत घालावी लागते. तेथे दान आटले.

वाचकहो, आपले पापनिवेदन याहून वेगळे आहे काय? त्रेंट विश्वपरिषदेने १५५१ मध्ये प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्तापी माणसाची तीन कृत्ये सांगितली: अंतःकरणाचा अनुताप, पापांची कबुली आणि भरपाई. आपण कबुलीला सगळा संस्कार समजून बसलो आहोत. जाळीपाशी गुडघे टेकले, दोन-चार ठरलेली वाक्ये म्हटली, पाप्याची प्रार्थना केली, तीन ‘नमो मरिया’ म्हटल्या आणि दानपत्र दप्तरात ठेवून दिले. जक्कयाने असे केले नाही. त्याने उभे राहून निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवून घेतलेले चौपट परत करतो असे सांगितले, तेव्हा आज या घराला तारण झाले असे प्रभू म्हणाले. संत लूकने हिशेब लिहून ठेवला आहे तो उगाच नव्हे.

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात विनोबांपुढे वीस डाकूंनी शस्त्रे ठेवली. तेव्हा पोलीस खात्यातून कडक टीका झाली की, या साधूने गुन्हेगारांना वीर बनवले. पण विनोबांनी त्यांना कायद्यातून सूट मिळवून देतो असे आश्वासन दिले नव्हते. बंदूक ठेवायची आणि मग कोर्टापुढेही उभे राहायचे, असाच तो सौदा होता. लुक्का या नावाने ओळखला जाणारा लोकमन दीक्षित तुरुंगात गेला. त्या वीस जणांना अनुताप म्हणजे काय हे कोणी ग्रीक शब्दाची फोड करून सांगितले नव्हते. आम्हांला गोरेगावच्या सेमिनरीत ती फोड करून सांगितली होती: मन पालटणे, मूळ हिब्रूत तर मागे फिरणे. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण मिळाले होते.

आता त्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. आपण सत्यात आहोत, तर रोजचा पश्चात्ताप कशाला? हा आक्षेप आपल्यात पूर्वी नव्हता. अलीकडे काही प्रार्थना-मेळाव्यांतून, अमुक दिवशी अमुक वाजता माझे तारण झाले, असे सांगण्याची रीत पडली आहे. त्या अनुभवाची मी टिंगल करीत नाही. त्या मेळाव्यांतून दारू सुटलेले पुरुष मी पाहिले आहेत. पण तारण म्हणजे दहावीचे प्रमाणपत्र नव्हे, की एकदा मिळाले आणि चौकट करून भिंतीला लावले.

पेत्राचे उदाहरण घ्या. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला, हे आपण दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या सुमारास ऐकतो. तेथेच पेत्राचा पश्चात्ताप संपला असे आपण धरून चालतो. परंतु त्यानंतर पुनरुत्थान झाले, पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, हजारोंचा स्नानसंस्कार झाला, आणि मग कित्येक वर्षांनी अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्तभक्तांबरोबर जेवता जेवता, यरुशलेमहून माणसे येताच, पंगतीतून उठून वेगळा बसला. संत पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर सुनावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट आहे. ख्रिस्तसभेचा पहिला पोप सत्यापासून ढळला तो शिकवणीत नव्हे, पंगतीत. सत्य त्याला ठाऊक होते, त्याने ते स्वतः घोषित केले होते. पण ओळखीची चार माणसे आली आणि पाय डगमगले. आता सांगा, पेत्राला पेन्टेकॉस्टनंतरही दुरुस्तीची गरज पडली आणि आपल्याला दृढीकरणानंतर पडत नाही?

ही पंगतीची गोष्ट मी मुद्दाम निवडली. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी. लग्नाचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामातली एकच भाकर खाणारी माणसे किती पंगतींत विभागली जातात ते आपण जाणतो. भारतीय कॅथोलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना, जातिभेद ख्रिस्तसभेच्या आतही नांदतो हे कबूल केले. तेव्हा काही सुशिक्षित गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाले, असे जाहीर बोलल्याने शत्रूंच्या हाती कोलीत मिळते. कोलीत आपल्याच हातात आहे हे त्यांना दिसत नव्हते.

असेच काहीसे पोप जॉन पॉल दुसरे यांच्याही बाबतीत घडले. १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिलीच्या वर्षातील प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, त्यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या पुत्र-कन्यांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांची क्षमा देवाकडे मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती त्यात होती. आपल्या किनाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, धर्मन्यायालय चालले. त्याच गोव्याच्या भूमीवर फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून मराठीचे ऋण आपल्यावर ठेवले, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण एकाच वारशातले दागिने तेवढे ठेवून कर्ज नाकारता येत नाही. पोपमहोदयांच्या क्षमायाचनेने ख्रिस्तसभेचे सत्य दुबळे झाले, असे मानणारे लोक त्यावेळी रोममध्येही होते. मला वाटते, त्यांना सत्य म्हणजे तिजोरीतील ऐवज वाटतो. कुलूप शाबूत तोवर ऐवज सुरक्षित. व्हॅटिकन परिषदेने ‘पवित्र, आणि तरीही सदैव शुद्धीची गरज असलेली’ या आशयाचे वर्णन ख्रिस्तसभेचे केले, ते १९६४ मध्ये. ‘सदैव’ या शब्दाला सुटीचा दिवस नसतो.

पत्रलेखकांची एक शंका मात्र रास्त आहे, ती मान्य करतो. छाती बडवण्याचेही व्यसन लागते. काही भाविकांना देवापेक्षा आपली पापेच अधिक प्रिय असतात. संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ मध्ये मान्रेसा येथे पापशंकेने इतके ग्रासले की, एकदा कबूल केलेली पापे ते पुन्हा पुन्हा सांगत आणि तरी शांती मिळेना. अशांना धर्मगुरूने थोपवलेच पाहिजे. परंतु खरे सांगू? तीस वर्षांच्या जवळपास पौरोहित्यात असे जीव मला मोजकेच भेटले. आपल्या समाजाचा रोग हा नाही.

आपला रोग कोणता ते सांगण्यापूर्वी एक खुलासा. जाळीपलीकडे जे ऐकले ते माझ्याबरोबर माझ्या कबरीत जाईल. पुढे लिहितो ते जाळीत ऐकलेले नाही, ओटीवर बसून पाहिलेले आहे.

आपल्या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हापासून घराघरांत एक कागद फिरतो आहे. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. वडील वारले की सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावे लागतात. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मालमत्तेत पूर्ण समान हक्क मिळण्यासाठी २००५ सालापर्यंत थांबावे लागले; आपल्या मुलींना तो कितीतरी आधी होता. कायद्याने दिले ते आपण रिवाजाने काढून घेतले. बिल्डर येण्यापूर्वी बहिणींना जेवायला बोलावले जाते. एक साडी होते, क्वचित एक लिफाफा. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. त्या कागदावर लिहिलेले असते की, मी ही सही राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे. पुढच्या रविवारी सगळे भाऊ एका रांगेत ख्रिस्तशरीर स्वीकारायला उभे असतात.

यावर आपल्यात कोणी बोलत नाही, कारण यात कोणाला पाप दिसत नाही. आम्ही धर्मगुरूही बोलत नाही. पावसाळ्यात नृत्याला गेलेल्या तरुणीविषयी मी स्वतः एके काळी अर्धा तास प्रवचन दिले आहे. हक्कसोडपत्रावर एक मिनिटही दिले नव्हते. कारण असे की एका हक्कसोडपत्रावर सही मिळवून देणारा मी होतो.

दीक्षाविधी होऊन मला दोन वर्षे झाली होती. आजोबांच्या नावावरची वाडी विकायची ठरली. वडील, दोन काका आणि एक आत्या. आत्या विधवा, दोन गावे पलीकडे राहणारी, मुलीला एकटीने वाढवणारी. ती सही करीना. वडील मला म्हणाले, तू जा, तुझे ऐकेल. मी गेलो, पांढरा झगा घालून गेलो. तिने मला चहा दिला. मी तिला कुटुंबातील ऐक्याविषयी सांगितले, प्रभूने आपला अंगरखाही मागणाऱ्याला देऊन टाकायला सांगितले आहे असे सांगितले. शुभवर्तमानाचा असा वापर करता येतो हे मला कोणी शिकवले नव्हते. ते मला आपसूक जमले. तिने आणखी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तिने सही केली. घरी सर्वांनी माझी पाठ थोपटली. कागदावर ‘दडपणाविना’ असे लिहिले होते आणि दडपण अंगात झगा घालून तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले होते.

त्यानंतरच्या सर्व वर्षांत मी नियमाने पापनिवेदन केले. राग, आळस, प्रार्थनेतील कुचराई, सगळे सांगितले. आत्याचे कधी सांगितले नाही. लपवले असेही नाही; ते मला पाप वाटतच नव्हते. नाथानाने एका मेंढीची गोष्ट सांगेपर्यंत दाविदालाही काही वाटले नव्हते. सत्यात आहोत असे ज्यांना खात्रीने वाटते, त्यांची अडचण ही अशी असते.

गागोद्यात मी मुलांना विनोबांच्या आईची फणसाची आठवण सांगत होतो. अंगणातला फणस उतरला की ती आधी शेजारच्या घरांसाठी गरे काढून ठेवी आणि पोरालाच ते वाटायला पाठवी. मग घरच्यांनी खायचे. देणारा तो देव आणि राखून ठेवणारा तो राक्षस, असा तिचा सोपा व्याकरणाचा धडा. माझ्या आजोबांच्या त्या वाडीतही फणस होता. मुले हसत ऐकत होती. मी मध्येच थांबलो आणि पुढचे काही सांगू शकलो नाही. मुलांना वाटले, फादरांना ऊन लागले.

तेव्हा, प्रिय पत्रलेखकांनो, गागोद्याला का गेलात या तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते असे आहे. मुलांना काय मिळाले ते मुलांनाच विचारा.

परतल्यावर मी प्रथम एका वृद्ध धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले. प्रायश्चित्त म्हणून कोणतीही प्रार्थना सांगितली नाही; आत्याच्या घरी जा, एवढेच म्हणाले. आत्या सहा वर्षांपूर्वी वारली. तिचा अंत्यविधीही मीच केला होता आणि तिच्या उदार मनाचे गुणगान गायले होते. मी आतेबहिणीकडे गेलो. साधा शर्ट घालून गेलो. वाडीच्या जागी आता सात मजली इमारत आहे, ती उकरून देता येत नाही. भावांशी बोललो, एक भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला, दुसऱ्याने विचार करतो म्हटले आहे. माझ्या वाट्याला वडिलांकडून जे आले होते त्यातले उरलेले, आणि दरमहा मानधनातले काही, असा एक हिशेब मी कागदावर मांडून आतेबहिणीपुढे ठेवला. आत्याच्या वाट्याच्या मानाने ती रक्कम हास्यास्पद आहे, हे मी तिला सांगितले.

तिने तो कागद बराच वेळ पाहिला. मग विचारले, “तेव्हा आईला तू अंगरख्याचं जे सांगितलंस, ते कुठल्या अध्यायात आहे?” मी सांगितले. तिने बायबल काढून तो अध्याय वाचला, खूण घालून पुस्तक मिटले आणि म्हणाली, पुढच्या महिन्यात ये. दोन महिने झाले. मी दोनदा जाऊन आलो. पहिले पाकीट तिने घेतले आहे. क्षमेचा शब्द ती अजून बोललेली नाही, आणि तो मी मागितलेलाही नाही.